वाचनालयांच्या मोहिमेची वेबसाइट: आधी दाराची वेळ, मग बाकीचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका तालुक्यातल्या ९ सार्वजनिक वाचनालयांच्या कार्यकर्त्यांनी मिळून 'आधुनिक वाचनालय' अशी मोहीम काढायचं ठरवलं आहे. अभ्यासिका, संगणक, बालविभाग, हाताने पुस्तक काढून बघता येईल अशी मुक्तद्वार मांडणी, हे सगळं आपल्या भागात मिळतं हे लोकांना कळावं, सभासद वाढावेत आणि ग्रामपंचायती, नगरपालिका यांच्याकडून जागा, वीज, इंटरनेट यांना हातभार लागावा, असा त्यांचा हेतू आहे. त्यासाठी वेबसाइट हवी आहे. होमपेजवर काय ठेवायचं, मराठीत करायची की इंग्रजीत, सोबत ॲप लागेल का आणि एकदा तयार झाली की चालवायची कुणी, असं त्यांनी विचारलं आहे.

मी बरीच वर्षं वेबसाइट करतो, त्यातल्या काही वाचनालयांच्या आहेत. तुमच्या प्रश्नाला सुरुवात रंगांनी आणि चित्रांनी करता आली असती, पण मी माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून करतो.

एका तालुक्यातल्या वाचनालयांची साइट मी केली होती. वेळेच्या रकान्यात सगळीकडे 'सकाळी १० ते सायंकाळी ६' असं होतं, कारण भरून आलेल्या अर्जांत तसंच लिहिलेलं होतं आणि मी ते तसंच टाकलं. पुढे जून महिन्यात कामानिमित्त त्यातल्या एका वाचनालयात गेलो. सव्वा वाजला होता, पाऊस भुरभुरत होता, दाराला कुलूप. पायरीवर एक मुलगी बसली होती, मांडीवर सॅक, सॅकचा खालचा कोपरा ओला. अभ्यासिकेत प्रवेश घ्यायला ती एसटीने आली होती. मला कर्मचारी समजून तिने मोबाइल पुढे केला. पडद्यावर माझंच पान होतं. वाचनालय खरं तर सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ उघडायचं, आपल्याकडे कित्येक वाचनालयं अशीच दोन पाळ्यांत चालतात. तिची परतीची गाडी दोनची होती. ती गेली, आणि पुन्हा आली का ते मला माहीत नाही. साइट दिसायला सुंदर होती, तिचं कौतुकही झालं होतं.

म्हणून तुम्हाला पहिला सल्ला असा की डिझायनरला फोन करण्याआधी एक शीट करा. गुगल शीट चालेल, वहीसुद्धा चालेल. नऊ ओळी आणि पुढचे रकाने: वाचनालयाचं नाव, लोक त्याला ज्या नावाने ओळखतात ते नाव, पत्ता आणि जवळची खूण, सकाळची वेळ, संध्याकाळची वेळ, साप्ताहिक सुट्टी, फोन, प्रवेश फी, अनामत, मासिक वर्गणी, एका वेळी किती पुस्तकं मिळतात, अभ्यासिकेत किती खुर्च्या, तिची वेळ वेगळी आहे का, मुलींसाठी वेगळी बसण्याची सोय, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, संगणक किती आणि त्यातले चालू किती, आत यायला पायऱ्या आहेत की उतार. ही माहिती कार्यवाहांकडून घेऊ नका. ती किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्याकडून घ्या. ग्रंथपाल, लिपिक, शिपाई, जो रोज कुलूप काढतो त्याला खरी वेळ ठाऊक असते. शक्यतो स्वतः जाऊन दारावरच्या पाटीचा फोटो काढा आणि पाटीवरची वेळ व उघडण्याची खरी वेळ यांत फरक असेल तर आधी तो वाचनालयातच मिटवा.

स्वच्छतागृहाचा रकाना वाचून काहींना अवघडल्यासारखं होईल. पण आईवडील मुलीला दिवसभर अभ्यासिकेत पाठवायचं की नाही हे यावरच ठरवतात. 'ज्ञानाचा दीप घरोघरी' अशी ओळ होमपेजवर मोठ्या अक्षरांत टाकून त्यांचा प्रश्न सुटत नाही.

ही शीट म्हणजेच तुमच्या साइटचा गाभा. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. तुमच्या नऊ वाचनालयांतल्या प्रत्येक ग्रंथपालाने तो परीक्षेसाठी पाठ केलेला असेल. मी साइट करताना दुसरी कुठलीही कसोटी वापरत नाही. होमपेज उघडल्यावर एखाद्याला 'माझ्या गावापासून जवळचं वाचनालय कोणतं, आता उघडं आहे का, आत जायला काय लागेल' हे पहिल्याच पडद्यावर, बोट न फिरवता कळायला हवं. त्यामुळे वर सरकणाऱ्या चित्रांची पट्टी नको, अध्यक्षांचं मनोगत नको, उद्घाटनाचे फोटो नकोत. ते सगळं आत वेगळ्या पानांवर ठेवा, ज्याला बघायचं तो जाईल. याला कार्यकारी मंडळात विरोध होईल हे मी अनुभवाने सांगतो. तेव्हा त्यांना एवढंच विचारा, की तुम्ही स्वतः बँकेची किंवा रेल्वेची साइट उघडता तेव्हा तिथल्या अध्यक्षांचं मनोगत कधी वाचलं आहे का.

नऊच वाचनालयं असताना मोठा शोध-बिध काही लागणार नाही. त्याऐवजी तालुक्यातल्या सगळ्या गावांची अकारविल्हे यादी करा आणि प्रत्येक गावापुढे जवळचं वाचनालय, अंतर आणि तिथे जाणारी एसटी लिहा. हे काम दोन कॉलेजच्या मुलांना घेऊन एका आठवड्यात होतं. ज्या गावात वाचनालय नाही त्या गावचा माणूसही स्वतःचं गाव यादीत बघतो आणि मोहीम आपल्यासाठी आहे हे त्याला तेव्हा पटतं. शिवाय त्याच यादीतून कुठल्या पट्ट्यात एकही वाचनालय नाही ते उघड दिसतं. ग्रामपंचायतीपुढे मागणी घेऊन जाताना तुम्हाला यापेक्षा चांगला कागद मिळणार नाही.

इथे थोडं मागे जातो, कारण अशी मोहीम आपल्या माणसाने आधी करून दाखवलेली आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर बसले, त्यांनी १९०६ मध्ये राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावून राज्यभर ग्रंथालयांचं जाळं उभं करायला घेतलं. शिकलेल्या माणसाच्या हाती वाचायला काही नसेल तर तो शिकलेलं विसरतो, हा त्यामागचा साधा विचार. गावाला वाचनालय नसेल तर पुस्तकं पेट्यांत घालून गावाकडे पाठवायची, ती वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला. १९१२ पासून बडोद्याहून ग्रंथालयांविषयीचं 'लायब्ररी मिसलेनी' हे नियतकालिकही निघू लागलं, आणि ते इंग्रजी, गुजराती, मराठी अशा तीन भाषांत होतं. मोहिमेचा प्रचार कुठल्या भाषेत करायचा, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे: ज्याला वाचनालयात आणायचं त्याच्या भाषेत. आणि प्रचाराबरोबर पेटीही जायला हवी. तुमच्या साइटवर 'वाचाल तर वाचाल' असं शंभरदा लिहिलंत आणि वाचायला काही दिलं नाहीत, तर पेटीशिवाय नुसतं नियतकालिक गावाला पाठवल्यासारखं होईल.

पेटीत काय ठेवता येईल? दर महिन्याला नव्या आलेल्या पुस्तकांच्या कपाटाचा फोटो आणि खाली पुस्तकांची टाइप केलेली नावं. एखाद्या वाचकाने एका पुस्तकाबद्दल लिहिलेल्या दहा ओळी. मोफत वाचता येणाऱ्या जुन्या मराठी पुस्तकांचे दुवे, त्यासाठी मराठी विकिस्रोत आहे. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क चालू राहतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पुस्तकांच्या पीडीएफ साइटवर चढवायचा मोह कुणाला तरी होणारच, तेव्हा स्पष्ट नाही म्हणा. पुस्तकांसाठी काढलेल्या मोहिमेने लेखक-प्रकाशकांच्या पोटावर पाय देणं मला सहन होत नाही.

पुस्तकांची संपूर्ण सूची साइटवर हवी का? ज्या वाचनालयाची सूची कोहा किंवा ई-ग्रंथालय यांपैकी एखाद्या प्रणालीत आहे आणि इंटरनेटवर खुली आहे, तिथे थेट दुवा द्या. कोहा न्यूझीलंडमध्ये तयार झाली, मोफत वापरता येते, आणि माओरी भाषेत त्या शब्दाचा अर्थच भेट. ई-ग्रंथालय आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची आहे. मोहिमेच्या साइटसाठी वेगळी सूची-प्रणाली बनवून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला हात जोडा. देवघेवीची नोंद एका ठिकाणी आणि सूची दुसऱ्या ठिकाणी असं झालं, की पुस्तक बाहेर गेलेलं असूनही साइटवर 'उपलब्ध' दिसत राहतं.

आता 'आधुनिक' या शब्दाकडे. नेहमी असं होतं, की डिझायनर हा शब्द ऐकतो आणि परदेशातल्या काचेच्या इमारतीचा, गोल जिन्याचा, बीनबॅगवर बसलेल्या मुलांचा फोटो आणून लावतो. वाचक तो बघतो, मग वाचनालयात येतो आणि लोखंडी कपाटं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक ट्यूबलाइट बघून त्याला आपण फसलो असं वाटतं. तुमची वाचनालयं जशी आहेत तशीच दाखवा, पण चांगल्या वेळी आणि आपुलकीने दाखवा. सकाळी सात वाजता अभ्यासिकेत ओळीने लावलेल्या चपला. मुक्तद्वार विभागात खालच्या खणाशी उकिडवं बसून पुस्तक शोधणारे आजोबा. बालविभागात सतरंजीवर पसरलेली चित्रांची पुस्तकं. माझ्या मते आपल्याकडे वाचनालय आधुनिक होण्याची सगळ्यात मोठी पायरी संगणक नाही, कपाटाचं कुलूप निघणं ही आहे. काउंटरवर चिठ्ठी देऊन पुस्तक मागवणं आणि स्वतः कपाटापुढे उभं राहून निवडणं यांत जो फरक आहे, तो एका फोटोत दिसतो. ज्या वाचनालयात मुक्तद्वार नुकतं सुरू झालं आहे तिथला 'आधी' आणि 'नंतर'चा फोटो शेजारी-शेजारी लावा.

फोटोत लहान मुलं असतील तर पालकांची लेखी परवानगी घ्या आणि नावं टाकू नका. सभासदत्वाच्या ऑनलाइन फॉर्ममध्येही नाव, गाव, फोन एवढंच मागा. आधार क्रमांक, जन्मतारीख, फोटो ओळखपत्र हे सगळं वाचनालयात समोरासमोर बघता येतं, ते साइटवर साठवायचं कारण नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. जी माहिती घेतलीच नाही ती फुटण्याची भीती नसते.

लिपीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मराठी साइट इथेच सगळ्यात जास्त मार खातात आणि करणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

साइट इंग्रजी टेम्प्लेटवर केली जाते. त्या टेम्प्लेटमध्ये ओळींतलं अंतर रोमन अक्षरांच्या हिशेबाने असतं. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरं असतात, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या किमान १.६ ते १.७ पट ठेवायला सांगा आणि मुख्य मजकूर १८ पिक्सेलच्या खाली नको. तुमचे निम्मे जुने सभासद साठीच्या पुढचे असतील. शीर्षकांत अक्षरांमध्ये जागा सोडायची फॅशन आहे, ती देवनागरीत वापरली की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. तिरपी अक्षरं टाळा, जोर द्यायचा तर ठळक करा. दोन्ही कडा सरळ करायचा हट्टही नको, कारण मोबाइलच्या अरुंद पडद्यावर मराठीतले लांब शब्द मावले नाहीत की मध्ये भगदाडं पडतात.

मग फॉन्ट. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेले मुक्त आणि बालू हे मोफत फॉन्ट आहेत. मजकुराला मुक्त आणि मोठ्या शीर्षकाला बालू ही जोडी मी अनेकदा वापरली आहे. साधं आणि ठळक अशी दोनच वजनं घ्या, जास्त घेतली की पान उघडायला जड होतं. फॉन्ट कुठलाही घ्या, पण त्यातले 'ल' आणि 'श' आवर्जून बघा. मराठीत 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा, हिंदीत त्यांची रूपं वेगळी. शासनाने ठरवलेल्या मराठी वर्णमालेतही पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हेच आहेत. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात. पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानामागच्या कोडमध्ये, भाषा 'मराठी' अशी नोंदवली की मराठी रूप उमटतं, आणि नोंदवायची राहिली की हिंदी रूप. डिझायनरने टेम्प्लेटमधली 'इंग्रजी' ही नोंद तशीच ठेवलेली मी कित्येक साइटवर पाहिली आहे. एका शब्दाचा बदल आहे, पण त्याने दोन गोष्टी सुधारतात. दुसरी अशी, की अंधांसाठी पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्या नोंदीवरून आवाज निवडतं. नोंद चुकली तर ते मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातं किंवा गप्प बसतं. अँड्रॉइडच्या बहुतेक मोबाइलमध्ये टॉकबॅक हे असंच सॉफ्टवेअर असतं. ते सुरू करा, डोळे मिटा आणि तुमच्या साइटवर वाचनालयाची वेळ सापडते का बघा. ध्वनिपुस्तकांचा विभाग असलेल्या वाचनालयाने तरी हे करायलाच हवं.

जुन्या याद्या हा आणखी एक फास आहे. वाचनालयांचे अहवाल, पुस्तकांच्या याद्या, नियमावल्या अनेकदा युनिकोडपूर्व काळातल्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर मराठी सारखीच दिसण्याची सोय येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या साइटवर चिकटवल्या की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. मग कुणीतरी सोपा उपाय म्हणून त्या पानांचे फोटो काढून चढवतं. फोटोतला मजकूर गुगलला नीट सापडत नाही, मोठा केला की धूसर होतो, टॉकबॅकला नीट ऐकवता येत नाही. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात, मात्र बदलल्यावर एकदा मुद्रितशोधन कराच, जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

मोहीम पुढे जिल्हाभर किंवा राज्यभर नेलीत तर शोधाची सोय करावी लागेल, आणि तेव्हा मराठी लिहिण्याच्या सगळ्या तऱ्हा समोर येतील. लोक 'कराड' लिहितील आणि 'कऱ्हाड' लिहितील. त्यात 'ऱ्ह' संगणकाच्या आत दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो, डोळ्यांना फरक दिसत नाही पण शोधणाऱ्या प्रोग्रामला ते दोन वेगळे शब्द वाटतात. 'ॲप'मधल्या 'ॲ'चंही तेच, तो एक अक्षर म्हणून टाइप होतो किंवा 'अ'वर चंद्र देऊन. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल. कुणी वाचनालय म्हणेल, कुणी ग्रंथालय, कुणी लायब्ररी, आणि बरेच जण मराठी शब्द सरळ रोमन अक्षरांत टाइप करतील. एखादा धाराशिव शोधेल, एखादा सवयीने उस्मानाबाद. शोधाने हे सगळं पोटात घ्यायला हवं. 'काहीही सापडलं नाही' असा निरोप आला की माणूस आपलं लेखन तपासत नाही, तो आपल्या भागात वाचनालयच नाही असं समजून निघून जातो. म्हणून कामाचा करार करताना ही उदाहरणं करारातच लिहा, 'मराठीत शोध चालेल' एवढ्यावर भागत नाही.

इंग्रजी पान हवं का, याचं उत्तर: एकच, साधं. परदेशात किंवा परप्रांतात असलेले तालुक्यातले लोक, देणगी देऊ इच्छिणाऱ्या कंपन्या, बदलून आलेले अधिकारी यांच्यासाठी. बाकी सगळं मराठीत.

रंगांबद्दल एकच गोष्ट. पांढऱ्यावर फिकट केशरी किंवा पिवळा मजकूर नको. वेब-सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान ४.५ : १ असावा असं आहे, आणि तो मोजून देणारी साधनं फुकट आहेत. उन्हात, एसटी स्टँडवर, स्वस्तातल्या मोबाइलवर पान वाचता आलं तर रंग बरोबर.

त्याच स्वस्तातल्या मोबाइलसाठी फोटो लहान करा. फोनमधून काढलेला फोटो सरळ तीन-चार एमबीचा असतो, तो दीडशे केबीत आणता येतो आणि डोळ्याला फरक जाणवत नाही. अख्खं होमपेज अर्ध्या एमबीत बसवायचा आग्रह धरा. नऊ वाचनालयांच्या साइटला मागे मोठी यंत्रणा लागत नाही, शीटमधून माहिती उचलून साधी पानं तयार करणारी साइट पुरते. ती पटकन उघडते आणि तिला हॅक करायला आत फारसं काही नसतं.

ॲप करू नका. वर्षातून चार वेळा उघडायच्या गोष्टीसाठी कुणी फोनमध्ये जागा अडवत नाही, आणि ॲप चालू ठेवायचा खर्च कधी संपत नाही. तुमचे लोक व्हॉट्सॲपवर आहेत. त्यामुळे प्रत्येक वाचनालयाच्या पानाचा दुवा व्हॉट्सॲपवर टाकला की काय दिसतं ते आधी पाहा. तिथे चौकोनात एक चित्र आणि दोन ओळी उमटतात. बहुतेक साइटवर तिथे नुसतं बोधचिन्ह किंवा रिकामी राखाडी जागा येते. त्या चौकोनात वाचनालयाच्या दाराचा फोटो आणि 'सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८, सोमवारी बंद' अशी ओळ यायला हवी. अनेक लोक दुवा उघडणारच नाहीत, फक्त तो चौकोन बघतील. त्यांचंही काम झालं पाहिजे.

मोहिमेत लोकांकडून काही मागायचं असतं. एका पानावर एकच गोष्ट मागा. सभासद व्हा, हे एक पान. अमुक गावात वाचनालय हवं या मागणीवर नाव नोंदवा, हे दुसरं. देणगीचं तिसरं, आणि तिथे पैसे कशासाठी हे वस्तूच्या नावाने लिहा: अभ्यासिकेसाठी दोन पंखे, बालविभागासाठी एक बुटकं कपाट. पुस्तकदानाचं पान मात्र सांभाळून करा. 'आम्हाला पुस्तकं द्या' एवढंच लिहिलंत तर जुनी पाठ्यपुस्तकं, कालबाह्य गाइडं आणि वाळवी लागलेले गठ्ठे येऊन पडतात. ते दाखल करून घेता येत नाहीत आणि देणाऱ्यासमोर टाकूनही देता येत नाहीत. त्याऐवजी ग्रंथपालांकडून हव्या असलेल्या पुस्तकांची यादी घ्या, वाचकांनी काउंटरवर मागितलेली आणि न मिळालेली. ती पानावर ठेवा, आणि एखादं मिळालं की यादीतून काढा.

वर्षभरात साइटकडे लोक कधी वळतील त्याचाही अंदाज ठेवा. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो, रंगनाथन यांचा जन्मदिवस. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. या दिवशी फोटो भरपूर येतात. पण सभासद खरे येतात ते दिवाळी अंकांच्या योजनेला. ठरावीक रक्कम भरा आणि दोन-तीन महिने वाटेल तेवढे अंक वाचा, हे आपल्याकडे इतकं रुजलेलं आहे, की वर्षभर न फिरकणारे लोकही त्यासाठी येतात. योजनेचं पान दिवाळीच्या महिनाभर आधी तयार ठेवा आणि त्याच पानावर वार्षिक सभासदत्वाचा फॉर्म जोडा.

आता चालवायचं कुणी. डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या ईमेलवर घ्या, ज्याचा पासवर्ड कार्यवाह आणि खजिनदार दोघांकडे असेल. कुणाच्या पुतण्याच्या, भाच्याच्या नावावर घेऊ नका. एका संस्थेचं डोमेन अशाच एका हौशी मुलाच्या नावावर होतं, तो नोकरीसाठी परगावी गेला, नूतनीकरणाचे मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर जात राहिले आणि मुदत संपल्यावर ते नाव दुसऱ्या कुणीतरी उचललं. वाचनालयाच्या छापील पावतीवरच्या पत्त्यावर लोक गेले की जुगाराच्या जाहिराती दिसत होत्या. पावतीपुस्तकं रद्द करावी लागली. वर्षाचे हजार-पाचशे रुपये आणि एक तारीख, एवढं सांभाळायचं होतं. तीन किंवा पाच वर्षांचे पैसे एकदम भरा आणि मुदतीची तारीख वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या. नाव असं निवडा की फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला टाइप करता यावं. देवनागरीत 'डॉट भारत' हे डोमेन २०१४ पासून मिळतं, तेही घेऊन मुख्य साइटकडे वळवून ठेवता येईल, पण छापताना रोमनच छापा, अजून बहुतेकांची बोटं तिकडेच वळतात.

माहिती अद्ययावत ठेवायचं काम एका 'वेब समिती'कडे देऊ नका. नऊ वाचनालयांतल्या नऊ माणसांना शीटमधली फक्त आपापली ओळ बदलता येईल अशी सोय करा. उद्या वाचनालय बंद असेल तर ग्रंथपालाने फोनवरून त्या रकान्यात 'उद्या बंद' लिहिलं की साइटवर ते दिसायला हवं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी एका कार्यकर्त्याने नऊ फोन करायचे आणि वेळ तीच आहे ना, फोन लागतो ना, एवढंच विचारायचं. मी त्या चुकीनंतर हे माझ्या प्रत्येक करारात घातलं आहे, पैसे न घेता.

साइटचा उपयोग झाला की नाही हे भेटींच्या आकड्यावरून ठरवू नका. नवीन सभासदाच्या अर्जात एक ओळ वाढवा, 'वाचनालयाची माहिती कुठून मिळाली?'. आणि प्रत्येक वाचनालयाच्या दारावर, कुलूप असतानाही दिसेल अशा ठिकाणी, त्या वाचनालयाच्या पानाचा क्यूआर कोड लावा, खाली उघडण्याची वेळ मोठ्या अक्षरांत. कोड चालला नाही तरी वेळ वाचता येईल.

आधी शीट भरून घ्या. नऊपैकी चार-पाच वाचनालयांच्या वेळा तुम्हाला वाटत होत्या त्यापेक्षा वेगळ्या निघतील, त्या दुरुस्त झाल्या की मग रंग आणि फॉन्टचं बोलू. भरलेली शीट पाठवलीत तर मी ती बघून देईन, आणि पायऱ्या-उताराचा रकाना रिकामा ठेवू नका.